पोचलेला आकडा खरा असावा

नाशिक,
अक्षय्य तृतीया

चि. मुक्ता हिस,


तुझं पत्र आणि सोबतची आकृती मिळाली. पनवेलच्या घराच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवायचा, ईएसपी-३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डाने त्याची नोंद घ्यायची आणि ती खालच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर पाठवायची, हा बेत मला मनापासून आवडला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३. तेव्हा पनवेलचा पाऊस पनवेलमध्येच मोजायला हवा, हे तुझं म्हणणं अगदी रास्त आहे.

तू विचारलंस, डेटा पाठवायचा कसा? पाठवणं आठवडाभरात जमेल. पण पोचलेल्या आकड्यावर वर्षभरानंतरही डोळे मिटून विसंबता यावं, ही खरी मेहनत आहे. या पत्रात मुख्यतः त्याबद्दलच लिहितो.

सुरुवात वायफायने करू नकोस. बोर्ड टेबलावर ठेव, यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोड आणि दर दहा सेकंदांनी एक ओळ पाठव. मोबाइलच्या चार्जरसोबत येणाऱ्या काही केबलींत फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. बोर्डावरचा दिवा लागतो, पण पोर्ट दिसत नाही. तेव्हा आधी केबल बदलून बघ. अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हं आली, तर दोन्हीकडचा बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवण्याचा वेग, जुळलेला नाही असं समज. इकडे १,१५,२०० तर तिकडेही तेवढाच. आणि त्या ओळी वाचणारा पायथॉनचा प्रोग्रॅम चालवण्याआधी आर्डुइनोच्या सीरियल मॉनिटरची खिडकी बंद कर, कारण एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात राहतो.

टेबलावर सगळं सुरळीत झालं की मग गच्ची. साधी यूएसबी केबल पाच मीटरच्या पुढे भरवशाची नाही, म्हणून तिथे वायफाय बरं. ईएसपी-३२ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसतं, पाच गिगाहर्ट्झचं नाही. स्लॅबमधून सिग्नल किती उरतो, ते जागा पक्की करण्याआधी मोबाइल घेऊन तपास. खाली जुन्या कॉम्प्युटरवर मॉस्किटो हा एमक्यूटीटी ब्रोकर, म्हणजे निरोप घेऊन पोचवणारा प्रोग्रॅम, बसव आणि राउटरमध्ये त्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता कायम करून ठेव. पत्ता बदलला तर गच्चीवरचा बोर्ड भलतीकडेच हाका मारत बसेल.

आता मुद्द्याचं. पर्जन्यमापकात दोन खणांचं छोटं पात्र असतं. एक खण भरला की ते कलंडतं, चुंबक रीड स्विचसमोरून जातो आणि एक नोंद होते. तुझ्या यंत्रात एक कलंडणं म्हणजे ०.२ मिलिमीटर. तुझ्या आकृतीत प्रत्येक कलंडण्याला ‘पाऊस पडला’ असा एक निरोप जातो. हे बदल. निरोप वाटेत हरवला, तर तेवढा पाऊस कायमचा गेला. दोनदा पोचला, तर न पडलेला पाऊस वहीत चढला. त्याऐवजी सुरुवातीपासूनची एकूण बेरीज पाठवत जा. घरचा विजेचा मीटर असाच चालतो: रीडिंग घेणारा एक महिना चुकला, तरी पुढच्या महिन्यात हिशेब तंतोतंत लागतो.

बेरजेसोबत आणखी तीन गोष्टी प्रत्येक ओळीत हव्यात: वेळ, ओळीचा अनुक्रमांक, आणि बोर्ड आजवर किती वेळा नव्याने सुरू झाला तो आकडा. अनुक्रमांकात खंड दिसला की निरोप हरवल्याचं कळतं. वीज जाऊन बेरीज शून्यावर आली, तर तिसरा आकडा वाढलेला दिसतो आणि शंका उरत नाही. नेटवरून मिळणारी वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, तीत साडेपाच तास मिळव. मधे नोंदच नसेल, तर तिथे शून्य भरू नकोस, जागा रिकामी ठेव. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. रिकामी जागा म्हणजे आपल्याला माहीत नाही. या दोहोंची गल्लत झाली की पुढची सगळी सरासरी खोटी.

स्विच एकदा मिटताना त्याचे संपर्क थरथरतात आणि एकाच्या तीन-चार नोंदी होतात. पहिल्या नोंदीनंतर २०० मिलिसेकंद काही मोजू नकोस. तासाला १०० मिलिमीटरच्या धुवाधार पावसातही दोन कलंडण्यांत सात सेकंदांचं अंतर असतं, त्यामुळे खरी नोंद सुटणार नाही.

हे सगळं कशासाठी, हे कळायला तुला लांब जायला नको. नवीन पनवेलमध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिच्या अलिबागच्या वेधशाळेची गोष्ट नीट वाच. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी आधी कुलाब्याला होत. १८५९ च्या सौर वादळाची तिथली नोंद संशोधक आजही वापरतात. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईची घोड्यांची ट्राम विजेवर चालवायचं घाटू लागलं. त्या विजेच्या प्रवाहाने कुलाब्याची नाजूक उपकरणं बिघडलेले आकडे दाखवणार, हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागची जागा निवडली. इमारतीला चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड वापरला, लोखंड टाळून पितळ-तांबं वापरलं. १९०४ मध्ये अलिबागचं काम सुरू झालं, पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि त्यांची तुलना केली. विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये. त्या दोन वर्षांच्या जोडनोंदीमुळे कुलाबा आणि अलिबाग यांची मालिका आज सलग वाचता येते. मायक्रोकंट्रोलर नव्हता, नेट नव्हतं, तरी आकडा खरा राहावा म्हणून काय काय करायचं असतं, ते त्यांनी केलं.

तूही तेच कर. यंत्राशेजारी साधा, हाताने मोजायचा पर्जन्यमापक ठेव आणि यंदाचा पावसाळाभर रोज सकाळी साडेआठला त्याची नोंद वहीत घे. हवामान खात्याचा चोवीस तासांचा हिशेबही सकाळी साडेआठलाच होतो, त्यामुळे तुझे आकडे त्यांच्याशी ताडून बघता येतील. त्याआधी यंत्राची एक परीक्षा घे. तुझ्या नरसाळ्याचा व्यास २० सेंटिमीटर, म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. त्यात मोजून एक लिटर पाणी अगदी सावकाश, थेंबाथेंबाने सोड. ते ३१.८ मिलिमीटर पावसाएवढं होतं. पात्र १५९ वेळा कलंडायला हवं. कमीजास्त आलं, तर यंत्राचे स्क्रू फिरवून पुन्हा मोज. मनाला येईल तो गुणक प्रोग्रॅममध्ये घालून आकडा जुळवू नकोस.

बाकी थोडक्यात. वायफाय निरोप सोडताना बोर्ड क्षणभर काहीशे मिलिअँपिअर ओढतो, म्हणून अ‍ॅडॉप्टर दणकट घे, नाहीतर बोर्ड पुन:पुन्हा सुरू होत राहील. डबीची भोकं खालच्या बाजूला ठेव, आत सिलिका जेलची पुडी टाक. नेट गेलं तर नोंदी एसडी कार्डावर साठू देत. वायफायचा पासवर्ड लिहिलेला प्रोग्रॅम गिटहबवर चढवू नकोस. गच्चीवर एकटी चढाउतर करू नकोस आणि विजा चमकत असताना तिथे अजिबात जाऊ नकोस, हे तुझ्या आईलाही वाचून दाखव.

पाऊस यायला महिन्याहून थोडा जास्त अवधी आहे. त्याआधी लिटरभर पाण्याची परीक्षा कर आणि पात्र किती वेळा कलंडलं ते मला कळव. १५९ आलं नाही, तर जे आलं तेच लिही.

तुझा,
मामा