आनूप अरण्याचे ऋतुचक्र

प्राचीन भारतीय वैद्यकाने भूमीचे जाङ्गल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार मानले आहेत. जाङ्गल म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश. आनूप म्हणजे जलबहुल, दाट वनराजीचा प्रदेश. 'जंगल' हा शब्द आज मराठीत घनदाट अरण्याचा वाचक झाला असला, तरी त्याचे मूळ त्या कोरड्या भूमीत आहे. सुश्रुतसंहितेने आनूप प्राण्यांचे कूलचर, प्लव, कोशस्थ, पादिन् आणि मत्स्य असे पाच वर्ग सांगितले आहेत. पाण्याच्या आश्रयाने चालणारे जीवन हे त्यांचे समान सूत्र होय.

हा भेद एकाच जातीच्या प्राण्यातही दिसून येतो. तराईच्या दलदलीत राहणाऱ्या बारशिंग्याचे खूर पसरट व फाकलेले असतात. जबलपूरच्या आग्नेयेस कान्हाच्या कठीण भूमीवर राहणाऱ्या बारशिंग्याचे खूर घट्ट व आटोपशीर असतात. भूमी बदलली की पाऊल बदलते. परंतु जेथे एकच भूमी ऋतुपरत्वे आपले स्वरूप पालटते, तेथे प्राणिजीवनाची कसोटी अधिक कठीण असते.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातील पूरवने हे याचे विख्यात उदाहरण होय. मानाउस येथे रिओ नेग्रो नदीची पातळी वर्षभरात सुमारे १० मीटर चढते व उतरते. पूरकाळात तांबाकी नावाचा मासा वनात शिरून झाडांवरून पडलेली फळे व बिया खातो आणि काही बियांचा प्रसारही करतो. वृक्षाचे फळणे आणि नदीचे चढणे यांचा मेळ बसलेला असतो.

भारतात इतका प्रचंड पूर नसला, तरी त्याच तत्त्वाचा लहान आविष्कार सह्याद्रीत आढळतो. रानजायफळाच्या कुळातील वृक्षांच्या या दलदलींची नोंद प्रथम १९६० मध्ये त्रावणकोर भागातून झाली. १९६८ मध्ये चँपियन आणि सेठ यांनी आपल्या वनवर्गीकरणात त्यांना स्वतंत्र स्थान दिले. गोव्यात सत्तरी तालुक्यातील 'निरंकाराची राई' ही अशीच दलदल आहे. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथील २.५९ हेक्टर दलदलीस २०२१ मध्ये जैविक वारसास्थळाचा दर्जा मिळाला.

येथील चिखलात प्राणवायू अत्यल्प असतो. म्हणून काही वृक्षांची मुळे गुडघ्यासारखी वाकून पाण्याबाहेर डोकावतात, तर काही वृक्ष खोडापासून निघालेल्या आधारमुळांवर उभे राहतात. बी मोठे असते. ते सुकले की त्याची रुजण्याची शक्ती लवकरच नष्ट होते. फळातील स्निग्ध पत्रीसाठी धनेश पक्षी येतात आणि बी दूरवर नेऊन टाकतात. त्या बीजाला ओल मिळाली तरच पुढची पिढी संभवते.

केरळातील दलदलींतून २०१३ मध्ये वर्णिलेला एक वृक्षमंडूक या कालबद्धतेचे उत्तम निदर्शक आहे. वर्षाचा बहुतेक काळ तो उंच फांद्यांत घालवितो. पावसाच्या तोंडावर नर खाली उतरतात. मादी ओल्या मातीत उथळ खळगा करून अंडी घालते. पुढे मुसळधार पावसाने ती जागा जलमय होते आणि डिंभांना पोहावयास पाणी मिळते. अंडी आधी व पाणी मागाहून, हा क्रम सुटला तर वीण वाया जाते.

अनुकूलन म्हणजे केवळ अवयवांचे वैशिष्ट्य नव्हे, तर जलचक्राशी साधलेला मेळ होय, हे यावरून स्पष्ट होते. या दलदलींचे पुष्कळसे क्षेत्र भातशेती व सुपारीच्या बागांखाली गेले आहे. ओढ्याचे पाणी वरच्या अंगास वळविले, तर एकही वृक्ष न तोडता दलदल मरू शकते. उभी झाडे काही काळ हिरवी दिसतात, परंतु त्यांखाली नवे रोप रुजत नाही. निरंकाराच्या राईत कुऱ्हाडीला देवाचे भय आड आले आणि वृक्ष वाचले. पाणी वळविणाऱ्या पाटाला असे कोणतेही भय आड येत नाही. म्हणून राई राखावयाची तर तिच्यातील वृक्षांबरोबर तिच्याकडे येणारा ओढाही राखला पाहिजे. आनूप या शब्दाचा अर्थही पाण्याशिवाय उरत नाही.