काँक्रीटच्या कामात सही कुणाची?

दहावी-बारावीचे निकाल लागले की सिव्हिलकडे वळणाऱ्या मुलांचे पालक एक प्रश्न हमखास विचारतात : "पोरगा कॉन्ट्रॅक्टर व्हायचं म्हणतोय. त्याचं लायसन्स कुठं निघतं?" इंटरनेटवर शोधलं की अमेरिकेतली उत्तरं पुढे येतात. कॅलिफोर्नियात काँक्रीटच्या ठेकेदाराला 'सी-८' नावाचा स्वतंत्र परवाना लागतो. त्यासाठी चार वर्षांचा अनुभव दाखवायचा, परीक्षा द्यायची. आपल्याकडे पुण्यात, नाशकात किंवा मुंबईत असा परवानाच नाही. वायरिंगचं काम घेणाऱ्याला विद्युत ठेकेदाराचा सरकारी परवाना लागतो. पण चार मजली इमारतीचा आरसीसी सांगाडा उभा करणाऱ्याकडे खासगी कामासाठी असं लायसन्स कुणी मागत नाही.

हे ऐकून पालकांना हायसं वाटतं. मला उलट काळजी वाटते, कारण दार सताड उघडं असल्यामुळेच या धंद्यात गर्दी आहे आणि नवख्यांची फसगतही. परवाने आहेत, भरपूर आहेत. फक्त ते वेगवेगळ्या खिडक्यांवर आणि वेगवेगळ्या माणसांच्या नावावर आहेत. म्हणून मुलाला 'लायसन्स कुठलं' यापेक्षा 'कुठल्या कागदावर माझी सही चालेल' हे विचारायला शिकवा.

पुण्यातल्या एका साध्या बंगल्याचं उदाहरण घेऊ. बांधकामाची परवानगी मागतो मालक. राज्याच्या बहुतेक शहरांत त्यासाठी २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, मुंबईत वेगळी. नकाशा मंजूर झाला की बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळतं, पुढे जोत्याची तपासणी होते आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. या कागदांवर आर्किटेक्टची किंवा परवानाधारक अभियंत्याची, स्ट्रक्चरल इंजिनिअरची आणि साइट सुपरवायझरची जबाबदारी असते. आर्किटेक्ट १९७२ च्या कायद्याखाली वास्तुकला परिषदेकडे नोंदलेला असतो, बाकीच्यांना महापालिका परवाना देते. काँक्रीट ओतणाऱ्या ठेकेदाराची सही या रांगेत नसतेच. म्हणजे तो कितीही चांगलं काम करत असला, तरी महापालिकेच्या दप्तरी दुसऱ्याच्या सहीखाली काम करतो.

इथेच शिकलेल्या मुलाचं पारडं जड होतं. सिव्हिलचा डिप्लोमा आणि दोन वर्षांचा अनुभव असेल तर सुपरवायझरचा परवाना मिळण्याची वाट खुली होते आणि ५०० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या कामावर देखरेखीची सही करता येते. आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल हा दोन वर्षांचा कोर्स करून पाच वर्षं आर्किटेक्ट-इंजिनिअरच्या हाताखाली काढली, तर लहान प्लॉटवरच्या छोट्या बांधकामांसाठी खालच्या श्रेणीचा सुपरवायझर होता येतं. सेंट्रिंगचा ठेका घेणारा आणि देखरेखीची सही करणारा हे दोघं एका घरात असले, की उपनगरातले बंगलेवाले शोधत येतात. एकाच कामावर दोन्ही टोप्या घालू नयेत, हे मात्र माझं स्पष्ट मत. आपलंच काम आपणच तपासायचं यात कुणाचं भलं नाही.

आता स्लॅबच्या दिवसाकडे या. बाहेरून दिसतं ते पंप, ट्रान्झिट मिक्सर आणि व्हायब्रेटरचा आवाज. ठेकेदाराच्या डोक्यात त्या दिवशी परवानग्यांचीच जुळवाजुळव चाललेली असते. रस्त्यावर खडी उतरवायची किंवा पंप उभा करायचा तर क्षेत्रीय कार्यालयाची परवानगी हवी. अवजड गाड्यांना शहरात गर्दीच्या वेळी बंदी असते, तेव्हा मिक्सर कुठल्या वेळेत आत येतील हे वाहतूक पोलिसांच्या आदेशावर ठरतं. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे नियम कडक, म्हणून दुपारी उशिरा सुरू झालेला स्लॅब शेजाऱ्यांच्या तक्रारीत अडकतो. पायाची माती प्लॉटबाहेर न्यायची असेल तर महसूल खात्याचा गौण खनिजाचा परवाना पाहिजे. तो नसताना पकडलेल्या डंपरचा दंड अख्ख्या पायाच्या नफ्यावर पाणी फिरवतो. आरएमसीचा, म्हणजे तयार काँक्रीटचा, स्वतःचा प्लँट टाकायचं स्वप्न असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि चालवण्याची अशी दोन संमतिपत्रं लागतात. ते स्वप्न दहा वर्षांनी बघावं.

मिक्सरबरोबर येणारं चलन हा मुलाने वाचायला शिकावा असा पहिला कागद. त्यावर ग्रेड असतो, एम-२५ वगैरे, आणि गाडी भरल्याची वेळ. आयएस ४९२६ या मानकानुसार काँक्रीट गाडीत भरल्यापासून दोन तासांत खाली झालं पाहिजे. विशेष रसायन घातलं असेल तरच जास्त वेळ चालतो. गाडी अडकली, माल घट्ट झाला, की साइटवरचा कुणीतरी पाइप लावून ड्रममध्ये पाणी सोडायला धावतो. तेव्हा "पाणी टाकायचं नाही, गाडी परत पाठवा" म्हणणारा माणूस लागतो, आणि तो पगारी असो वा ठेकेदार, त्याला मानकाचा आधार लागतो. तीच गोष्ट क्यूबची, म्हणजे काँक्रीटच्या चाचणी ठोकळ्यांची. आयएस ४५६ प्रमाणे २५ घनमीटर काँक्रीटच्या स्लॅबला किमान तीन नमुने, प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब. १५० मिलिमीटरच्या साच्यात भरायचे, वर तारीख आणि जागा लिहायची आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत फोडायचे. क्यूबचं रजिस्टर नीट ठेवणारा ठेकेदार पुढे वाद झाला तर उभा राहू शकतो. बाकीचे "साहेब, आम्ही तर नेहमी असंच करतो" म्हणत बसतात. मुलीला साइटवर पाठवायला कचरणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावं, की आरएमसी प्लँटच्या आणि तपासणी प्रयोगशाळांच्या नोकऱ्या याच रजिस्टरभोवती आहेत.

दुसरी मोठी खिडकी कामगारांची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या आहेत, त्यामुळे ओळखीच्या ठेकेदाराकडचे जुने छापील नमुने तसेच उचलू नका. ढोबळ आकडे मात्र डोक्यात ठेवावेत. दहा कामगार झाले की आस्थापनेची नोंदणी आणि ईएसआय, वीस झाले की पीएफ, पन्नास कंत्राटी कामगार झाले की कंत्राटी कामगारांचा परवाना. बांधकाम खर्चावर एक टक्का कामगार कल्याण उपकर असतो, त्यातून बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजना चालतात. मंडळाकडे नोंदणीसाठी कामगाराला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तो देणाऱ्यांत ठेकेदार असतो. महापालिकेत न चालणारी त्याची सही इथे चालते. त्या एका कागदावर बिगाऱ्याच्या पोरांची शिष्यवृत्ती अवलंबून असते, तरी तो द्यायला टाळाटाळ करणारे ठेकेदार मी बरेच पाहिले आहेत. मजुरांच्या झोपड्या कुठे उभ्या करायच्या हेही ठेकेदाराला ठरवावं लागतं. जून २०१९ मध्ये पुण्यात कोंढव्याला सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा जीव गेला. हे प्रकरण सिव्हिलच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावं.

कराचा भाग तुलनेने सोपा. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली नुसती सूचना द्यावी लागते. व्यवसाय कर भरायचा. उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी. एखाद्याच्या स्वतंत्र बंगल्याचं निव्वळ मजुरीचं काम जीएसटीतून सुटतं. तेच मटेरियलसह घेतलं की सुटत नाही. रेट ठरवताना हे विसरलेली मुलं पहिल्याच कामात तोट्यात जातात.

सरकारी कामांचं जग वेगळं. तिथे नोंदणीशिवाय पाऊलच टाकता येत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागात ठेकेदारांचे वर्ग असतात आणि वर्गानुसार किती रकमेचं काम घेता येईल ते ठरतं. वर चढायचं तर झालेल्या कामांचे दाखले आणि बँकेचं ऐपत प्रमाणपत्र लागतं. डिग्री-डिप्लोमावाल्यांसाठी सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून वेगळी नोंदणी आहे. छोट्या कामांचं वाटप अशा अभियंत्यांना ३३ टक्के, मजूर सहकारी संस्थांना ३३ आणि खुल्या ठेकेदारांना ३४ टक्के असं करण्याचं धोरण राज्यात आहे. मोठी कामं महाटेंडर्स पोर्टलवर निघतात. त्यासाठी डिजिटल सही आणि बयाणा रक्कम तयार ठेवावी लागते. मुंबईत रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाची कामं काही हजार कोटींची आहेत आणि दर्जा तपासायला आयआयटी मुंबईची नेमणूक झाली आहे. ती कामं नवख्याला मिळणार नाहीत, पण मोठ्या ठेकेदाराकडे तिथे इंजिनिअर म्हणून काढलेली दोन वर्षं कुठल्याही सर्टिफिकेट कोर्सपेक्षा जास्त शिकवतात.

मग कुठून सुरुवात करावी? दहावीनंतर तीन वर्षांचा सिव्हिल डिप्लोमा हा मला अजूनही सगळ्यांत शहाणा रस्ता वाटतो. पैसे किंवा गुण कमी असतील तर आयटीआय. हाताला काम लगेच हवं असेल तर पनवेलला एल अँड टी कंपनीच्या प्रशिक्षण केंद्रात शटरिंग आणि बार बेंडिंग शिकवतात. सळ्या बांधणाऱ्या फिटरने हूक किती लांब वळवायचा आणि कव्हर ब्लॉक कुठे ठेवायचे हे ज्या मुलाला स्वतःला कळतं, त्याला मुकादम गुंडाळू शकत नाही. घरातल्या कुणाचा ठेका असेल तरी पहिली दोन-तीन वर्षं बाहेर नोकरी करू द्या.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, जो पालक शेवटी दबक्या आवाजात विचारतात. खासगी बिल्डर टप्प्याटप्प्याने देतो आणि काही टक्के सुरक्षा अनामत म्हणून मागे ठेवतो. सरकारी बिलं थकतात. २०२५ मध्ये थकबाकीसाठी ठेकेदार संघटनांना रस्त्यावर उतरावं लागलं होतं. म्हणून बँक गॅरंटीसाठी राहतं घर तारण ठेवून पहिलंच सरकारी टेंडर भरायला मुलाला होकार देऊ नका. आधी ओळखीच्या आर्किटेक्टकडून एक-दोन बंगल्यांची मजुरीची कामं घेऊ द्या, आणि बिल निघेपर्यंत मजुरांचे सहा आठवड्यांचे पगार कुठून देणार आहेस, हे त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या.