आजोबांचा जबाब

डहाणू-तलासरीत वनजमीन कसणारे पुष्कळ आहेत. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जो आदिवासी अशी जमीन कसतो, त्याला 2006 च्या वनहक्क कायद्याने तिचा हक्क मिळू शकतो. दाव्याला एकाहून अधिक पुरावे लागतात. दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब हाही पुरावा धरतात.

असा एक जबाब आम्ही तलासरीकडच्या एका पाड्यावर पाहिला. कोणा शिकलेल्याने लिहिला होता, "सदर क्षेत्र दावेदाराच्या पूर्वजांचे वहिवाटीखाली असल्याचे प्रस्तुत इसमास ज्ञात आहे." आम्ही तो आजोबांना वाचून दाखविला.

"गुरुजी, हे मी कवा बोललो?" ते म्हणाले.

उद्या समितीने विचारले तर ते काय सांगणार? (आमचीही सारी नोकरी 'सदरहू' लिहिण्यात गेली!)

मग आजोबा बोलत गेले आणि आमच्या वर्गातल्या एका बाईंनी लिहून घेतले. एका वाक्यात एकच गोष्ट.

"माझे वय 78 आहे. दावा करणाऱ्याचा बाप माझा शेजारी होता. त्याचे शेत ओहळाच्या उगवतीला आहे. तो तेथे नागली पेरायचा. बांधावरचा आंबा त्यानेच लावला. मी ते डोळ्यांनी पाहिले आहे."

वनहक्क समिती जागा पाहावयास येते, तेव्हा आंबा तेथे उभाच असतो. 'वहिवाटीखाली' या शब्दात आंबा कुठे दिसतो?

बाईंनी सारे मोठ्याने वाचले. आजोबांनी मध्येच थांबविले.

"उगवतीला नाही, बाय. मावळतीला."

बाईंनी खोडून नीट लिहिले. पुन्हा वाचले. मग आजोबांनी अंगठा दिला.