यंत्राच्या तेलांतील माती

बीड जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या दारीं बैलजोडीशेजारीं आतां ट्रॅक्टरहि उभा असतो. बैलाची निगा आपण वाडवडिलांपासून जाणतों. यंत्राची निगा मात्र शिकावी लागते.

यंत्राचे फिरते भाग तेलाच्या थरावर तरंगतात. माणसाचा केस सुमारें ७० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केल्यास त्यांतील सत्तर भाग जाड असतो. हा थर पुष्कळदां १० मायक्रॉनहूनहि पातळ असतो. त्यांत धुळीचा कण शिरला कीं तो कानशीप्रमाणें धातु घासतो, व निघालेला कीस पुन्हां तेंच काम करतो.

ज्वारीच्या मळणीपासून उन्हाळी नांगरटीपर्यंत काळ्या मातीची भुकटी उडत असते. या दिवसांत हवेची गाळणी रोज पाहावी. झांकण उघडण्यापूर्वीं सभोंवारची जागा स्वच्छ फडक्यानें पुसावी. कापसाचा बोळा घेऊं नये. त्याचे तंतु तेलांत राहतात.

तेलाचें पिंप उघड्यावर उभें ठेवूं नये. रात्रीं गारव्यानें आंतील हवा आकसली म्हणजे वर सांचलेलें पावसाचें पाणी बुचांतून आंत ओढलें जातें. तेल दुधाळ दिसल्यास पाणी शिरलें असें समजून यंत्र थांबवावें.

जुनें तेल इंजिन गरम असतांनाच सोडावें, म्हणजे गाळहि त्याबरोबर निघून जातो.

धान्याची कणगी उघडी टाकून कोणी निजत नाहीं. तेलाचा डबाहि तसाच झांकावा. मूठभर मातीपायीं इंजिन खोलण्याचा खर्च सोसणें शहाणपणाचें नव्हे.