डिस्क नसली तरी चालेल, सेल मात्र हवा

हार्ड डिस्क गेलेला जुना कॉम्प्युटर राउटर म्हणून चालतो का? चालतो, आणि चांगला चालतो. इकडून आलेलं पॅकेट तिकडे धाडायचं, एवढंच राउटरचं काम. ते रॅममध्येच उरकतं. एकेकाळी १.४४ एमबीच्या एका फ्लॉपीवरून लिनक्सचे अख्खे राउटर चालत. आज फ्लॉपीच्या जागी पेनड्राइव्ह आला. खरी परीक्षा लाइट जाऊन परत येते तेव्हा होते.

माझ्याकडे पेन्टियम ४ चं एक मशीन माळ्यावर पडून होतं. त्यात दुसरं लॅन कार्ड बसवलं, पेनड्राइव्हवर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं लिनक्स घातलं आणि घरभर नेट सुरू झालं. मग एका रात्री लाइट गेली. ती आल्यावर पंखे फिरले, फ्रिज घरघरला, मशीन मात्र गप्प. बटण दाबलं, तरी नेट येईना. शेवटी मॉनिटर जोडून पाहिलं. काळ्या पडद्यावर एकच तक्रार: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जायला एफ१ दाबा. कीबोर्डच नाही म्हणतोय आणि वर त्याचंच बटण दाबायला सांगतोय! बायोसमध्ये जाऊन सेटिंग बदललं. पुढच्या वेळी लाइट गेली, तर पुन्हा तेच रडगाणं, शिवाय घड्याळ कित्येक वर्षं मागे. मदरबोर्डवरचा सेल मेला होता. वीज तुटली की बायोस केलेली सगळी सेटिंग विसरत होता.

म्हणून हा उद्योग करणाऱ्यांनी सुरुवात सेलपासून करावी. बहुतेक बोर्डांवर सीआर२०३२ हा चपटा सेल असतो, कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. तो बदलल्यावर बायोसमध्ये तीन गोष्टी लावा: वीज परतली की मशीन आपोआप सुरू व्हावं, कीबोर्ड नसला तरी अडू नये, आणि बूट यूएसबीवरून व्हावं. काही जुने बोर्ड यूएसबीवरून उठतच नाहीत. हे खर्च करण्याआधी तपासा.

ओपनडब्ल्यूआरटीची स्क्वॅशएफएस प्रत घ्या. तिचा मूळ भाग फक्त वाचला जातो, त्यामुळे अचानक वीज गेली तरी तो बिघडण्याची भीती कमी, आणि काही बिनसलं तर मूळ सेटिंगवर परतता येतं. नोंदी ती मुळातच रॅममध्ये ठेवते. त्या पेनड्राइव्हवर लिहायला लावू नका, सततच्या लिखाणाने तो लवकर मरतो. सेटिंगचा बॅकअप काढून वेगळा ठेवा. सुरुवातीला पासवर्ड नसतो, तो आधी घाला.

नेटवाल्याच्या डब्याचा पत्ता पुष्कळदा १९२.१६८.१.१ असतो आणि ओपनडब्ल्यूआरटीचाही तोच. दोघांचे पत्ते एकच राहिले तर नेट चालत नाही, आपला १९२.१६८.१०.१ असा काहीतरी करून टाका. जुना वायफाय राउटर फक्त वायफायपुरता वापरायचा असेल तर त्यालाही वेगळा पत्ता द्या, त्याचं डीएचसीपी बंद करा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टात लावा.

सगळं झालं की मॉनिटर-कीबोर्ड काढा आणि भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा चालू करा. हात न लावता नेट परत आलं, तरच काम झालं म्हणायचं.

राहिला विजेचा हिशेब. असं मशीन निवांत असतानाही ६० वॅट ओढत असेल, तर महिन्याला ४३ युनिट जळतात. १० वॅटच्या छोट्या राउटरला सातेक युनिट पुरतात. आपल्याकडे घरगुती वापर १०० युनिटांच्या पुढे गेला की दरही चढतो. तेव्हा पेन्टियम ४ शिकायला आणि अडीअडचणीला ठेवा. बारा महिने चोवीस तास चालवायचं तर कमी वीज खाणारं मशीनच घ्या. नाहीतर फुकटातला राउटर बिलात वसूल होतो.