निधी जमवा, पण लेकराचा फोटो नको

माझ्या भाचीला सातव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला. एएलएल, लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा प्रकार. वेळेवर नीट उपचार मिळाले तर यातली बहुतेक मुलं बरी होतात, पण उपचार दोन-तीन वर्षं चालतात आणि तेवढा काळ मुलाला रुग्णालयात ठेवून घेत नाहीत. केमो घेऊन परत यायचं, रक्ताचे काउंट पडले की धावायचं, ताप आला तर रात्रीसुद्धा थांबायचं नाही. म्हणून परळच्या रुग्णालयाच्या आसपास राहावंच लागतं. ताई-भावजींना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत खोली मिळाली. ज्यांना कुठेच जागा मिळत नाही, ती कुटुंबं फूटपाथवर राहतात. हाताला लावलेली सुई भिजू नये म्हणून लेकराचा हात दुधाच्या पिशवीत गुंडाळून त्याला तिथेच आंघोळ घालणारी आई मी पाहिली आहे. भाची बरी झाल्यावर आम्ही निधी जमवायला लागलो तो अशा कुटुंबांच्या निवाऱ्यासाठी.

त्याआधी, तिचे उपचार चालू असतानाच, गावातल्या एका परिचिताने केस गेलेला तिचा फोटो आवाहनासोबत व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला होता. हेतू चांगलाच होता, मदतही आली. फोटोखाली तिचं नाव, शाळा, भावजींचा मोबाइल नंबर, सगळं होतं. पुढे कुणीतरी त्यावरचा क्यूआर कोड बदलला. भाची शाळेत जायला लागली तरी ‘ऑपरेशनसाठी तातडीने मदत हवी’ हा मेसेज फिरतच होता, आणि पैसे देणारे भावजींना फोन करून जाब विचारत होते. (असं घडलं तर त्याच दिवशी 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.) आठवीत असताना वर्गातल्या मुलीने तिला तोच फोटो मोबाइलवर दाखवला. घरी येऊन ती म्हणाली, “मावशी, मला कुणी विचारलं का नाही?”

म्हणून पहिलं सांगणं हेच, की मुलाचा चेहरा, नाव, शाळा आवाहनात घालू नका. सात-आठ वर्षांच्या मुलाला विचारता येतं, आणि ते नको म्हणालं तर विषय तिथेच संपवायचा. आम्ही भाचीने काढलेलं घराचं चित्र वापरलं, तेही तिला विचारून. कुणाचीही वर्गणी त्यामुळे अडली नाही.

पैसे थेट नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. वैयक्तिक खात्यात नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षभरात 50 हजारांहून जास्त भेट जमा झाली, तर ती तुमचं करपात्र उत्पन्न धरली जाते. गावात पावती पुस्तक फिरवायचं असेल, तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्या. देणगीवरची करसवलत हवी असणाऱ्या दात्याला आधीच सांगा, की 2 हजारांहून जास्त रोख दिली तर ती मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ती मुळातच नाही. परदेशातल्या नातलगांची गोष्ट वेगळी. भारतीय पासपोर्ट असलेला भाऊ आपल्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतो. पण ज्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, त्याची देणगी परदेशी देणग्यांसाठीची एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते. आमच्या घरात दोन्ही प्रकारचे लोक असल्याने हे निवारा चालवणाऱ्या संस्थेला पहिल्याच भेटीत विचारलं.

आणखी एक गोष्ट त्या संस्थेतल्या समाजसेविका बाईंकडून समजली. वाढदिवसाला, सणाला खाऊ आणि खेळणी ढिगाने येतात. वीजबिल, गॅस, रुग्णालयापर्यंतच्या गाडीचं डिझेल यांना मात्र दाता मिळत नाही, कारण त्यासोबत फोटो काढता येत नाही. आम्ही तेच मागायला लागलो. एका कुटुंबाचा महिन्याचा गॅस, एवढंच. लोक देतात, आणि दरमहा देतात.