डिअरफील्डची मुरमाच्या रस्त्यांवरची सायकलफेरी: खर्च किती आणि कुठे करावा

पश्चिम मॅसेच्युसेट्समधल्या डिअरफील्ड परिसरातले मातीचे रस्ते सार्वजनिक आहेत. वर्षातल्या कुठल्याही दिवशी सायकल काढून तिथे फिरलं तर कोणी पैसे मागत नाही. तरीही तिथे ऑगस्टमध्ये होणाऱ्या ‘डी-टू-आर-टू’ या सायकलफेरीसाठी लोक शुल्क भरून दुरून येतात. डिअरफील्ड डर्ट रोड रँडोने हे तिचं पूर्ण नाव. २००५ साली सुरू झालेली ही फेरी शर्यत नाही. तिचा निधी फ्रँकलिन लँड ट्रस्ट या भूसंवर्धन संस्थेला मिळतो. बॉस्टन, कनेक्टिकट, न्यू जर्सीच्या मराठी मंडळींना एका शनिवार-रविवारात ती जमण्यासारखी आहे. पण पाकीट उघडण्याआधी पैसा नेमका कुठे जातो, हे समजून घ्यायला हवं. कुठे हात आखडायचा आणि कुठे सैल सोडायचा, ते त्यावरूनच ठरतं.

नोंदणीशुल्क मार्गानुसार आणि वर्षानुसार बदलतं. अंदाजपत्रकात माणशी १०० ते २०० डॉलर धरून ठेवा. त्यात वाटेतलं खाणं, संध्याकाळचं जेवण आणि स्वयंसेवकांची मदत येते. या सगळ्याचा खर्च वजा जाऊन उरेल ते संस्थेचं. म्हणजे शुल्क भरलं की पूर्ण रक्कम जमिनीच्या कामाला लागली, असं होत नाही.

हे काम काय असतं? शेतकरी जमिनीचा मालकच राहतो, पण तिच्यावर घरं बांधण्याचा हक्क कायमचा सोडून देतो किंवा विकतो. घरं न बांधण्याची ही अट पुढच्या प्रत्येक मालकावर बंधनकारक असते. राज्य सरकारची अशी योजना १९७९ पासून आहे. बाजारभाव आणि शेतीपुरतं मूल्य यांतला फरक त्या योजनेतून शेतकऱ्याला मिळतो. सरकारी पैसा या हक्काच्या किमतीसाठी असतो. त्याआधीची मोजणी, मूल्यांकन, वकील हा खर्च हजारो डॉलरांचा, आणि तो कोणीतरी उचलावा लागतो. शिवाय अट पाळली जाते की नाही हे पाहायला संस्थेच्या माणसाला दरवर्षी त्या जमिनीवर जावं लागतं. हे काम कधीच संपत नाही, आणि अशा कायमच्या कामाला देणगीदार सहसा मिळत नाहीत.

वेळेचा प्रश्न वेगळाच. कर-सवलतीतली शेतजमीन घरबांधणीसाठी विकायला निघाली, तर ती खरेदी करण्याचा पहिला हक्क गावाला मिळतो. तो वापरायला मुदत फक्त १२० दिवसांची. गाव हा हक्क भूसंवर्धन संस्थेकडे सोपवू शकतं, पण चार महिन्यांत पैसा उभा राहिला नाही तर शेत हातचं जातं. म्हणून अशा संस्थेकडे शिल्लक असणं फार महत्त्वाचं. १९८७ साली स्थापन झालेल्या फ्रँकलिन लँड ट्रस्टचं काम छोट्या छोट्या गावांमध्ये चालतं. तिथे बड्या देणगीदारांची रांग लागत नाही, त्यामुळे तुमच्या शंभर डॉलरचं वजन तिथे खरोखर जास्त आहे.

यावरून माझा पहिला सल्ला: नोंदणी आणि देणगी वेगवेगळी ठेवा. तुम्ही ७५ डॉलरहून जास्त भरले आणि त्या बदल्यात जेवणासारखं काही मिळालं, तर त्या वस्तू-सेवांची अंदाजे किंमत संस्थेने लेखी कळवायची असते. करात वजावट मिळते ती त्याच्या वरच्या रकमेवर. निव्वळ देणगीतून मात्र काही वजा होत नाही. देणगी २५० डॉलर किंवा अधिक असेल तर लेखी पोच हवीच. आता आपल्या मंडळींसाठी सर्वांत कामाची गोष्ट. आयटी आणि औषधनिर्मितीतल्या पुष्कळ कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच भर स्वतः घालतात. नोंदणीशुल्काला बहुधा ती लागू होत नाही, स्वतंत्र देणगीला होते. शंभराचे दोनशे होतात आणि खर्च एका अर्जाचा. हा अर्ज भरायचा राहून जाऊ देऊ नका.

आता सायकल. खास ग्रॅव्हल सायकल घ्यायची झाली तर दीड-दोन हजार डॉलर सहज जातात. एका फेरीसाठी ती घेऊ नये. तुमच्या सायकलीच्या चौकटीत ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचं टायर बसत असेल तर नवी जोडी घ्या, ८० ते १२० डॉलरमध्ये येते. इथे काटकसर करू नका. सैल खडीवरून वेगाने उतरताना भरवसा टायरचाच असतो. हवा रस्त्यावरच्या सायकलीपेक्षा बरीच कमी ठेवा. ब्रेक पॅड झिजले असतील तर बदला, त्याला २०-३० डॉलर पुरतात. दोन जादा ट्यूब जवळ हव्यातच.

गिअर बदलायचे की नाही हे मार्गावर अवलंबून. सर्वांत लांब मार्ग १८० किलोमीटरचा, त्यात चढ चार हजार मीटरच्या घरात. एका दिवसात सिंहगडाचा घाट सहा-सात वेळा चढण्यासारखं, आणि तेही मुरमावरून. काही चढ २० टक्क्यांवर जातात. या मार्गासाठी मागे मोठी कॅसेट आणि चेन बसवायची तर मजुरीसह १५० ते २०० डॉलर लागतील. पहिल्यांदा जाणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. ग्रीन रिव्हरच्या काठाकाठाने जाणारा, साठ-पासष्ट किलोमीटरचा मार्ग निवडावा. तोही व्हर्माँटच्या हद्दीत जातो आणि आहे त्या गिअरवर होतो. ज्या शेतांसाठी हा खटाटोप, ती मान वर करून बघायला उसंतही मिळते.

प्रवासाचं म्हणाल तर बॉस्टनहून दोन तास, पेट्रोल जाऊन-येऊन तीसेक डॉलर. न्यू जर्सीहून साडेतीन ते चार तास. गाडी नसेल तर ॲमट्रॅकची रेल्वे जवळच्या ग्रीनफील्डला थांबते. सायकलीसाठी जागा आधी आरक्षित करावी लागते. मुक्काम मात्र महाग. ऑगस्टमध्ये साध्या मोटेलची खोली १५० ते २०० डॉलरला पडते, म्हणून दोघांत घ्या आणि फेरीची तारीख जाहीर होताच ठरवा. राज्याच्या जंगलातल्या तंबूच्या जागा स्वस्त आहेत, पण मॅसेच्युसेट्सबाहेरच्यांना तिथे बराच जास्त दर लागतो.

बॉस्टनहून स्वतःची सायकल घेऊन जाणाऱ्याचा हिशेब टायर, शुल्क, खोली, पेट्रोल, खाणं धरून साधारण पाचशे डॉलरमध्ये बसतो. खोली वाटून घेतली तर चारशेच्या आसपास. सायकल भाड्याने घ्यायची तर दिवसाला ७० ते १२० डॉलर, म्हणजे एकूण सहाशेच्या घरात.

मुलांकडे पाहुणे म्हणून आलेल्या पुण्या-नाशिकच्या सायकलस्वारांनी भारतातून सायकल आणू नये. पेटी, विमान कंपनीचं शुल्क, जुळणी यांपेक्षा भाड्याची सायकल परवडते. त्यांनी खर्च करायचा तो विम्यावर. प्रवासी विम्यात अशी आयोजित सायकलफेरी वगळलेली असू शकते, आणि हात मोडला तरी तिथल्या इस्पितळाचं बिल हजारो डॉलरांत जातं. अटींचा कागद वाचा, गरज पडली तर जादा हप्ता भरून खेळांचं संरक्षण घ्या. ते मिळत नसेल तर नोंदणी करू नका.

ज्यांना एवढा खर्च शक्य नाही त्यांनी स्वयंसेवक म्हणून नाव द्यावं. खाण्याच्या थांब्यांवर आणि वाहनतळावर माणसं लागतात. घरातला एक जण सायकलवर आणि दुसरा थांब्यावर, अशी विभागणी केली तर एकाच शुल्कात दोघांचा दिवस कामी लागतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच संस्थेच्या कार्यालयाला कळवा.